शिवराईचा फोटो : जुना डिजिटल कॅमेरा घेऊन बसण्याआधीची तयारी

शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं. तिचा फोटो जमला की नाही, हे वेलांटीवरून ठरवावं. नाण्याच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्रपति’. पण ‘शिव’चा कुठे ‘सिव’ होतो, कुठे ‘सीव’, आणि ‘पति’ची वेलांटी कधी पहिली, कधी दुसरी. या फरकांवरून संग्राहक नाण्याचा प्रकार लावतात. म्हणजे नाणं हातात नसलेल्या माणसाला फोटोवरून वेलांटी वाचता आली पाहिजे, आणि कपाटात पडलेला जुना कॅमेराही हे काम नीट करतो. इथे कॅननचा २००५ सालचा पॉवरशॉट ए६२० डोळ्यांसमोर ठेवला आहे. दुसरा कॅमेरा असेल तर बटणांच्या जागा बदलतील, बाकी तयारी तीच.

सेलची सोय आदल्या दिवशीच करावी. या कॅमेऱ्याला चार पेन्सिल (एए) सेल लागतात. साधे सेल त्यात फार लवकर मान टाकतात, म्हणून रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइडचे चार सेल रात्रभर चार्ज करून ठेवा. सेलच्या खणातले पत्रे काळे पडले असतील तर खोडरबराने हलक्या हाताने घासा. मेमरी कार्ड बाजारात आज मिळतं ते चालेलच असं नाही. मोठ्या क्षमतेची एसडीएचसी कार्डं २००६ मध्ये आली, त्याआधीचे कॅमेरे ती ओळखत नाहीत. दोन जीबी किंवा त्याहून लहान, साधं एसडी कार्ड शोधा आणि ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. कोकणात किंवा मुंबईत कॅमेरा दोन-चार पावसाळे बंद पडून राहिला असेल, तर लेन्समध्ये टॉर्च मारून आत बुरशीचे धागे दिसतात का बघा. बाहेरची धूळ आधी फुंकणीने उडवा, मगच मऊ कापड लावा.

नाणं मात्र घासायचं नाही. चिंच-मीठ नको, लिंबू नको, तांब्याची भांडी घासायची पावडर तर नकोच. तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला काळपट-हिरवट थर हा त्या नाण्याचा इतिहास आहे. तो गेला की नाणं उघडंबोडकं होतं आणि अक्षरांच्या कडाही बोथट होतात. फोटोसाठी चकाकी आणायला म्हणून अशी नासवलेली नाणी पाहिली की जीव हळहळतो. हात धुऊन कोरडे करा, नाणं कडेला धरा आणि टेबलावर जाड टॉवेल अंथरा, म्हणजे हातातून निसटलं तरी फरशीवर आपटणार नाही.

जागा रात्रीची, खिडक्या लावलेली. पंखा बंद, कारण त्याने स्टँड थरथरतो आणि पात्यांच्या सावल्या नाण्यावरून फिरतात. ट्यूबही बंद. वेगवेगळ्या रंगांचे उजेड एकत्र झाले की तांबं कधी गुलाबी दिसतं, कधी शेवाळी. खाली राखाडी कागद ठेवा. पांढऱ्या कागदावर कॅमेरा फसतो आणि नाणं काळवंडतं, काळ्यावर उलट होतं. कागदावर बाटलीचं लहानसं बूच ठेवून त्यावर नाणं ठेवलं, की ते कागदापासून उचललं जातं आणि सावली त्याला चिकटून पडत नाही.

कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा स्टँडवर तोंड खाली करून बसवा. गळ्यातला पट्टा काढून ठेवा, तो लोंबकळत मध्ये येतो. मग नाण्याच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा. स्क्रीनच्या बरोबर मधोमध लेन्सचं प्रतिबिंब दिसलं, तर कॅमेरा आणि नाणं समांतर आहेत. नाहीतर गोल नाणं अंडाकृती येतं आणि एका बाजूची अक्षरं धूसर होतात.

हा कॅमेरा एक सेंटीमीटरवरूनही फोकस करतो, पण तो मोह टाळा. एवढ्या जवळ लेन्सचीच सावली नाण्यावर पडते. पाच-सहा सेंटीमीटरवर थांबा. नाणं चौकटीची साधारण अर्धी उंची व्यापेल. ३०७२ गुणिले २३०४ पिक्सेलच्या फोटोत म्हणजे नाण्याच्या व्यासाला हजारावर पिक्सेल मिळतात, आणि वेलांटीला तेवढे पुरतात. मॅक्रो (जवळून टिपायची सोय) चालू, फ्लॅश बंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ५०, लेन्सचं छिद्र एफ ५.६ च्या आसपास, टायमर दोन सेकंदांचा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, त्याच दिव्याखाली पांढरा कागद दाखवून ठरवून घ्या.

आता उजेड. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. शिवराई ब्रिटिश काळातही दख्खनच्या बाजारांत चालत राहिली, त्यामुळे बहुतेक नाणी हाताळून झिजलेली. त्यातून ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून निम्मी अक्षरं कडेबाहेर गेलेली. उरलेला उठाव दिसायचा तर एकच दिवा हवा, आणि तोही खाली, टेबलाला जवळजवळ टेकलेला. मात्र उजेड अक्षरांच्या वरच्या अंगाने यावा. खालून आला तर उठावाची अक्षरं खोदल्यासारखी भासतात. नाणं घड्याळाची तबकडी धरलं, तर दिवा बरोबर बाराच्या ठिकाणी ठेवला की शिरोरेघ झळकते, पण उभ्या रेघा पुसट होतात, कारण उजेडाच्या दिशेने जाणाऱ्या रेघेची सावलीच पडत नाही. आणि वेलांटी पहिली की दुसरी, हे तर उभ्या दांडीवरूनच कळतं. म्हणून दिवा एकदा दहाच्या आणि एकदा दोनच्या ठिकाणी ठेवून दोन फोटो घ्या. दिवा फार खाली गेला तर शेजारच्या अक्षराची सावली वेलांटी गिळते, तेव्हा थोडा थोडा उचलत स्क्रीनवर बघत राहा.

चांदीच्या रुपयाला असा दिवा सोसत नाही, पांढरे डाग पडतात. तिथे दिव्यापुढे बटर पेपर धरा. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या वस्त्रावरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला, म्हणून १९१२ मध्ये तो बदलला. तो हत्ती टिपायला असाच मऊ उजेड लागतो.

फोटोत मिलिमीटरची पट्टी ठेवा आणि दोन्ही बाजू एकाच अंतरावरून घ्या. नाण्याचं वजनही टिपून ठेवा, सगळ्या शिवराई नाण्यांची वजनं सारखी नसतात. स्टँड लगेच मोडू नका. कार्ड काढून संगणकावर फोटो पूर्ण आकारात उघडा, वेलांटी वाचा. संशय आला तर दिवा तिथेच आहे, पुन्हा घेता येतो. मग नाणी पाकिटात, आणि कॅमेरा पुन्हा कपाटात जायचा असेल तर चारही सेल बाहेर काढून, सोबत सिलिका जेलची पुडी टाकून.