रेड डॉट घेण्याआधी: ठिपका केवढा, काच केवढी

पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर एअर पिस्तुल मारायचो तेव्हा एकच गोष्ट अंगात भिनली होती: पुढची माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) स्वच्छ दिसली पाहिजे, मागच्या खाचेत ती मधोमध बसली पाहिजे, टार्गेट धूसर राहिलं तरी चालेल. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) पिस्तुल प्रकारांत आजही उघड्या साइट्सच चालतात. राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलचं सुवर्ण घेतलं ते माशीवर नजर ठेवूनच. टेक्सासला आल्यावर मी यूएसपीएसएच्या (पळत-थांबत पिस्तुल मारण्याच्या स्पर्धा घेणारी अमेरिकन संघटना) मॅचेस खेळायला लागले, स्लाइडवर (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) पहिल्यांदा रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) बसवला, आणि डोळ्याला लावलेली ती सवय उलटी करावी लागली. इथे नजर टार्गेटवर ठेवायची आणि ठिपक्याला तिथे येऊ द्यायचं. या खेळात नव्याने येणारं कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, किती एमओएचा घेऊ?" एमओए हे ठिपक्याच्या आकाराचं माप. पैसे खर्च करण्याआधी काय काय करायचं ते मी त्यांना सांगते, तेच इथे त्याच क्रमाने लिहिते आहे.

सगळ्यात आधी कागदपत्रं. एच-१बी किंवा एफ-१ सारख्या व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे काही अपवाद आहेत, पण ते तुम्हाला लागू होतात का हे दुकानदाराला नाही, वकिलाला विचारा. हे झाल्याशिवाय पुढचं काही वाचूही नका.

मग डिव्हिजन, म्हणजे स्पर्धेतला गट, ठरवा. कॅरी ऑप्टिक्स या गटात साइट स्लाइडवरच असावी लागते, म्हणजे प्रत्येक गोळीला ती स्लाइडबरोबर मागेपुढे आपटते. ओपन गटात ती फ्रेमवर (पिस्तुलाच्या न सरकणाऱ्या खालच्या भागावर) घट्ट बसवता येते, त्यामुळे मोठी, जड साइटही खपून जाते. कॅरी ऑप्टिक्समध्ये सगळ्यांना मायनर (कमी ताकदीच्या काडतुसांचे) गुण मिळतात: टार्गेटच्या मधल्या ए झोनला ५, त्याबाहेरच्या सी ला ३, कडेच्या डी ला १. ए हुकून सी लागला की दोन गुण गेले. ठिपक्याचा आकार निवडताना हा हिशेब डोक्यात असू द्या. वजनाची मर्यादाही असते, तेव्हा चालू नियमपुस्तिका उघडून पिस्तुल, प्लेट (साइट बसवायची पट्टी), साइट आणि रिकामं मॅगझिन असं सगळं एकत्र तोलून बघा.

तिसरं काम डोळ्यांचं, आणि नेमकं हेच बहुतेक जण विसरतात. ओळखीच्या कुणाची तरी रेड डॉट मागून घ्या (पिस्तुलावर असेल तर ते रिकामं असल्याची दोनदा खात्री करून) आणि भिंतीकडे बघा. ठिपका गोल न दिसता स्वल्पविरामासारखा, फुटलेल्या द्राक्षासारखा किंवा चांदणीसारखा दिसला तर साइट खराब आहे असं लगेच ठरवू नका. त्याच काचेतून फोनच्या कॅमेऱ्याने बघा. कॅमेऱ्यात तो गोल दिसला तर दोष डोळ्यात आहे, बहुधा ॲस्टिग्मॅटिझम (डोळ्याची वक्रता असमान असणं). चष्म्याचा नंबर तपासून घ्या आणि नवा चष्मा लावून पुन्हा बघा. ठिपका तरीही पसरत असेल तर ठिपक्याचा प्रकाश दोन पायऱ्या कमी करा. ॲस्टिग्मॅटिझम असलेल्यांनी दुसऱ्याच्या सल्ल्यावर आकार निवडू नये. त्यांना दिसणारा ठिपका डबीवर छापलेल्या आकड्याचा नसतोच.

आता एमओए. १ एमओए म्हणजे १०० यार्डांवर साधारण एक इंच. २५ यार्डांवर ३ एमओएचा ठिपका सुमारे २ सेंटीमीटर झाकतो, म्हणजे अमेरिकन पेनीएवढं. ६ एमओए झाकतो ४ सेंटीमीटर, बरोबर टेबल टेनिसच्या चेंडूएवढं. नुसते आकडे वाचून काही कळत नाही, म्हणून कागदाचे हे दोन गोल कापा, रेंजवर जाऊन पुठ्ठ्याच्या टार्गेटवर शेजारी शेजारी चिकटवा आणि २५ यार्ड मागे या. यूएसपीएसएच्या टार्गेटवर छातीचा ए झोन १५ सेंटीमीटर रुंद आणि २८ उंच असतो. त्यात चार सेंटीमीटरचा गोल हरवून जातो. पन्नास यार्डांवरसुद्धा ६ एमओए ए झोनच्या साधारण निम्म्या रुंदीवर येतो. मोठ्या ठिपक्याने अचूकता जाते असं ठासून सांगणाऱ्यांनी हे गोल एकदा लावून बघावेत. अडचण येते ती डोक्यातल्या छोट्या ए झोनवर, तो फक्त १० बाय ५ सेंटीमीटर असतो. २५ यार्डांवर तिथे मोठा ठिपका जवळपास सगळी उंची व्यापतो आणि कडा कुठे आहे ते कळत नाही.

पण असे नेम एका मॅचमध्ये किती येतात? तुमच्या क्लबच्या मागच्या तीन-चार मॅचेसची स्टेज-चित्रं (मॅचच्या प्रत्येक टप्प्याचे आराखडे) काढा आणि किती टार्गेट्स १५ यार्डांच्या आत आहेत ते मोजा. मी मोजली तेव्हा बरीचशी आतलीच निघाली. धावत येऊन थांबतानाच मारायची, अर्धी लपलेली, सरकणारी. तिथे नजरेला पटकन पकडता येईल असा ठिपका लागतो. माझं मत सरळ आहे: पळापळीच्या मॅचसाठी ५ ते ६ एमओए. छोट्या ठिपक्याची बाजू घेणारे म्हणतात, प्रकाश वाढवला की तो मोठा दिसतो. दिसतो, पण फुललेला, कडा विस्कटलेला. मोठा ठिपका मंद केला तर मात्र गोलच राहतो. एकाच जागी उभं राहून सावकाश नेम धरायचा असेल तर अडीच-तीन घ्या.

काचेचा निर्णय वेगळा घ्या. ठिपका टार्गेट बघून ठरतो, काच तुमचा ड्रॉ (होल्स्टरमधून पिस्तुल काढून नेमावर आणणं) बघून. त्यासाठी घरी एक चाचणी करा, त्या खोलीत एकही काडतूस नको. रिकामं पिस्तुल होल्स्टरमध्ये ठेवा, भिंतीवरच्या एखाद्या खुणेकडे बघा, डोळे मिटा, ड्रॉ करा, मग डोळे उघडा. वीस वेळा करा आणि ठिपका किती वेळा काचेत होता ते लिहून ठेवा. माझा पहिल्या आठवड्यात बहुतेक वेळा काचेच्या वर पळालेला असायचा, कारण माशीच्या सवयीने नळीचं तोंड किंचित वर राहत होतं. मनगट अर्ध्या बोटाएवढं खाली आल्यावर ठिपका मधे आला. ट्रिजिकॉन कंपनीच्या आरएमआर या साइटची काच २२ बाय १६ मिलिमीटर, एसआरओची २५ बाय २२.५. कागदावर फरक थोडा वाटतो, पण उंचीतले ते साडेसहा मिलिमीटर वाकून, एका हाताने, आडोशाच्या खालच्या फटीतून मारताना फार उपयोगी पडतात. म्हणून मॅचसाठी पिस्तुलावर बसेल तेवढी मोठी काच घ्या, पण सरावाच्या पहिल्या महिन्यात एखादी लहान काच उसनी मिळाली तर तिच्यावर हात बसवा. मोठ्या काचेत चुकलेला ड्रॉसुद्धा खपून जातो आणि तो तसाच राहतो.

मोठ्या काचेची किंमतही ओळखून असा. ती पुढे झुकलेली असेल तर काडतुसाचं रिकामं केस बाहेर पडण्याच्या जागेवर येते आणि शंभरेक गोळ्यांत काजळी धरते. बॅटरी वरून बदलता येते की साइट उतरवावी लागते तेही बघा. उतरवावी लागली तर झिरो (ठिपका आणि गोळी एकाच जागी जुळवणं) पुन्हा तपासणं आलं.

बसवणं मी एकदा दुसऱ्यावर सोपवलं होतं. तिसऱ्या स्टेजला गोळ्या डावीकडे सरकायला लागल्या. मी ट्रिगरला दोष देत राहिले, आणि स्टेज संपल्यावर सेफ एरियात (रिकामं पिस्तुल हाताळायला राखलेल्या जागेत) अंगठ्याने साइट हलवली तर ती हलली. स्क्रूला लॉकटाइटचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) थेंबही नव्हता. तेव्हापासून मी स्वतः बसवते. प्लेट आणि स्क्रू तेलमुक्त पुसायचे, निळं लॉकटाइट लावायचं, टॉर्क रेंचने उत्पादकाने सांगितलेल्या आकड्यापर्यंत आवळायचं. आरएमआरला तो १२ इंच-पाउंड आहे, अंदाजाने आवळलं तर सहज जास्त होतं. स्क्रूच्या डोक्यावरून साइटच्या अंगावर पांढऱ्या पेनने रेघ ओढायची, रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. स्क्रूची लांबीही बघा. लांब स्क्रू काही पिस्तुलांत एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामं केस ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) भागावर दाबतो आणि पिस्तुल अडकायला लागतं.

झिरो २५ यार्डांवर, टेकवून, मॅचमध्ये वापरणार त्याच गोळ्यांनी करा. पाच-पाच गोळ्यांचे गट मारा, एका गोळीवरून साइट जुळवायचा स्क्रू फिरवू नका.

मॅचच्या पिशवीत नवी बॅटरी, छोटा रेंच, मऊ फडकं. आपोआप जुळणारा प्रकाश बंदच ठेवा: तुम्ही पत्र्याच्या सावलीत आणि टार्गेट उन्हात असलं की तो ठिपका मंद करतो. "मेक रेडी" (तयार व्हा) हा हुकूम ऐकल्यावर, मॅगझिन घालण्याआधी, उन्हातल्या एखाद्या टार्गेटवर ठिपका धरून बघा. फिका वाटला तर एक पायरी वाढवा, मग मॅगझिन घाला.