पेन ड्राइव्हमध्ये जागा असूनही मोठी फाइल कॉपी होत नव्हती: माझा अनुभव

आमच्या वेंगुर्ल्याकडच्या गावात जत्रेला झालेल्या दशावताराचं चित्रीकरण मुंबईच्या काकांना द्यायचं होतं. संकासुराच्या प्रवेशापासून पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत सगळं एकाच फाइलमध्ये, ११.४ जीबी. पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा, त्यात २७ जीबी मोकळे. तरी कॉपी सुरू होण्याआधीच 'फाइल इज टू लार्ज फॉर द डेस्टिनेशन फाइल सिस्टीम' असा संदेश यायचा.

पोर्ट बदलला, जुने फोटो पुसले, शेजारच्या दादाच्या लॅपटॉपवर लावून पाहिलं. काका रात्रीच्या गाडीने निघणार होते, अगदी रडकुंडीला आलो.

कारण जागेचं नव्हतंच. 'धिस पीसी'मध्ये पेन ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्यावर फाइल सिस्टीमपुढे (म्हणजे ड्राइव्हवर फाइली साठवायची पद्धत) 'फॅट३२' दिसलं. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा किंचित लहानच असावी लागते, जागा कितीही असो.

मग आधी पेन ड्राइव्हमधलं सगळं लॅपटॉपवर कॉपी केलं, कारण फॉरमॅटमध्ये सगळं पुसलं जातं. ड्राइव्हवर राइट क्लिक, फॉरमॅट, फाइल सिस्टीममध्ये 'एक्सफॅट' निवडलं (त्यात ही ४ जीबीची अट नसते), क्विक फॉरमॅटची खूण ठेवली, स्टार्ट. नंतर फाइल कॉपी-पेस्ट केली. कट मुद्दाम टाळलं, मूळ प्रत हातची जाऊ नये म्हणून. शेवटी दोन्हीकडच्या प्रॉपर्टीजमधला बाइट्सचा आकडा जुळवला आणि 'इजेक्ट' करूनच ड्राइव्ह काढला.

जुन्या टीव्हीवर लावणार असाल तर तो एक्सफॅट वाचतो का, ते आधी लहान फाइल टाकून बघा.