सल्काटा कासवांची वीण : उबवायची किती, हे आधी ठरवा

हाताच्या तळव्यावर मावणारे पिल्लू म्हणून घरात आलेले सल्काटा कासव पुढे दोघांनी मिळून उचलावे लागते, आणि ते सत्तर वर्षांहूनही अधिक जगू शकते. गॅलापागोस आणि अल्डाब्रा बेटांवरची महाकाय कासवे वगळली, तर सेनेगलपासून इथिओपियापर्यंत, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला पसरलेल्या साहेल पट्ट्यातले हे भूकासव जगातले सर्वांत मोठे. पूर्ण वाढलेला नर ४५ किलोच्या पुढे सहज जातो. मादी एका खेपेला साधारण १५ ते ३० अंडी घालते आणि एका हंगामात अशा एकाहून अधिक खेपा होऊ शकतात. म्हणून वीण घेण्याचे मनात असेल, तर किती पिल्लांना कायमची जागा मिळेल हा आकडा आधी कागदावर लिहावा आणि तेवढीच अंडी उबवायची, हे मादी खड्डा खणू लागण्यापूर्वीच ठरवून टाकावे.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा असला तरी टाळता येत नाही. आपले देशी तारा कासव घरी पाळणे हाच मुळात गुन्हा आहे, त्यामुळे त्याच्या विणीचा प्रश्नच उद्भवत नाही. सल्काटा परदेशी असले तरी ते साइट्स कराराच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती झाल्यापासून अशा प्राण्यांची नोंदणी बंधनकारक आहे. ती केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. जोडी नोंदवली म्हणून पिल्ले आपोआप नोंदली जात नाहीत. जन्म, मृत्यू आणि हस्तांतरण या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे कळवाव्या लागतात.

नर-मादीची खात्रीशीर ओळख कवच साधारण ३५ सेंटिमीटरचे होईपर्यंत पटत नाही. त्यानंतर नराचे पोटाकडचे कवच खोलगट झालेले दिसते, शेपूट लांब आणि जाड असते, आणि गळ्याखाली पुढे आलेला कवचाचा भाग ठळक होतो. हा भाग नराचे हत्यार आहे. एका अंगणात दोन नर ठेवल्यास एक दुसऱ्याला त्यानेच उलथवतो, आणि उन्हात उताणे पडलेले कासव काही तासांतच दगावू शकते. नर एकच आणि माद्या दोन किंवा तीन असाव्यात, म्हणजे एकाच मादीमागे त्याचा ससेमिरा लागत नाही. देवळाच्या सभामंडपातले दगडी कासव पाहून ज्यांची कासवाविषयीची कल्पना तयार झाली आहे, त्यांनी एकदा नराला फाटकावर धडका देताना पाहावे. जाळीपलीकडचे दिसत असेल तर तो ती ढकलतच राहतो. म्हणून कुंपण भरीव भिंतीचे असावे आणि तिचा पाया जमिनीत दीड-दोन फूट जावा, कारण हा प्राणी खोल बिळे खणणारा आहे.

कोकण आणि मुंबईकडचा सततचा ओलावा मोठ्या कासवाला मानवत नाही. नाकाशी बुडबुडे दिसू लागले की श्वसनाचा संसर्ग समजावा आणि पशुवैद्याकडे न्यावे. सल्काटा शीतनिद्रा घेत नाही, त्यामुळे नाशिक-पुण्याकडच्या हिवाळी रात्रींसाठी उबदार, कोरडी खोली हवीच. आहार गवताचाच असावा. हरळी, सुके गवत, जास्वंदीची पाने आणि काटे काढलेले फड्या निवडुंग एवढ्यावर त्याचे उत्तम भागते. फळे आणि कुत्र्या-मांजराचे खाद्य मुळीच देऊ नये. अंड्यांच्या कवचासाठी मादीला कॅल्शियम भरपूर लागते, म्हणून तिच्यासमोर समुद्रफेसाचा (कटलफिशच्या हाडाचा) तुकडा कायम ठेवावा.

विणीच्या दिवसांत मादीकडे बारकाईने पाहावे. ती खाणे कमी करते, कुंपणाच्या कडेने येरझाऱ्या घालते आणि दोन-तीन ठिकाणी अर्धवट खणून सोडून देते. जागा पसंत पडली की आधी पुढच्या पायांनी पसरट खळगा करते, मग वळून मागच्या पायांनी, एक पाय झाला की दुसरा, अशी माती बाहेर काढत राहते. माती कडक असेल तर तीवर मूत्र सोडून ती मऊ करते. हे काम कित्येक तास चालते आणि त्या वेळी तिला हात लावू नये. अनेक दिवस खणूनही अंडी पडली नाहीत, तर अंडी अडकल्याची शंका घेऊन एक्स-रे काढावा. यात दिरंगाई जिवावर बेतते.

अंडी पिंगपाँगच्या चेंडूएवढी आणि तशीच पांढरी असतात. मातीतून काढण्याआधी प्रत्येकाच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करावी, आणि खूण पुढे सतत वरच राहील अशी काळजी घ्यावी, कारण आत रुजलेला गर्भ अंडे फिरवल्यास मरू शकतो. ठरवलेल्या आकड्यापलीकडची अंडी त्याच दिवशी, गर्भ वाढू लागण्यापूर्वी, फ्रीझरमध्ये ठेवून नष्ट करावीत. हे अनेकांना जड जाते, पण दोन महिन्यांनी हेच करणे क्रूरपणाचे ठरेल. नर वेगळा केल्याने सुटका होत नाही. मादी शुक्राणू साठवून ठेवते आणि पुढेही दीर्घकाळ फलित अंडी घालू शकते.

उबवण्यासाठी झाकणाच्या डब्यात किंचित ओलसर व्हर्मिक्युलाइट (ओलावा धरून ठेवणारे हलके खनिज दाणे) घेऊन अंडी अर्धी रुतवावीत. मुठीत दाबल्यावर पाणी न गळता गोळा धरील, इतकाच ओलावा पुरे. थर्मोस्टॅटचा संवेदक अंड्यांच्या पातळीला ठेवावा. मी पहिल्या खेपेला तो झाकणाला चिकटवला होता आणि आतले तापमान महिनाभर मला भलतेच दिसत राहिले. तापमानावरच पिल्लाचे लिंग ठरते. २८-२९ अंशांना नर अधिक, ३२ च्या आसपास माद्या अधिक, त्यामुळे भांडखोर नरांची भरती टाळायची असेल तर ३१ ते ३२ अंश ठेवावेत. त्याहून वर गेल्यास कवचावरचे खवले वेडेवाकडे होण्याचा धोका वाढतो. साधारण ९० ते १२० दिवस लागतात.

नाकाशी असलेल्या बारीक टोकाने पिल्लू कवचाला भोक पाडते आणि मग एक-दोन दिवस तसेच बसून राहते. पोटाशी पिवळट बलकाची पिशवी असते, ती आत शोषली जाईपर्यंत त्याला ओढून काढू नये. ओल्या टिश्यूवर स्वच्छ डब्यात ठेवावे. पहिले वर्षभर दमट हवा आणि रोज कोमट पाण्याची उथळ अंघोळ मिळाली, तर पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे येत नाहीत. घरात लहान मुले असल्यास पिल्लाला हात लावल्यावर साबणाने हात धुण्याची सवय लावावी, कारण कासवांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात.

पिल्लू निदान सहा महिने स्वतःकडे वाढवून मगच द्यावे. घेणाऱ्याला आधी मोठा नर दाखवावा, तो फाटकाला धडक देत असेल तर उत्तमच. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा, आणि ज्याला द्याल त्याला नोंदणीच्या कागदांसोबत हे लिहून द्यावे की सांभाळणे झेपले नाही तर कासव ओढ्याकाठी किंवा देवळाच्या तळ्यात न सोडता आपल्याकडेच परत आणावे.