मेल सर्व्हरवरून मेल बाहेर जात नसेल तर आधी लॉग उघडा

'मेल जात नाहीये' अशी तक्रार आली की पहिला हात जातो सर्व्हिस रीस्टार्ट करायला. तेवढं करू नका. मेल का अडला हे समोरच्या सर्व्हरने बहुतेक वेळा सांगितलेलं असतं, फक्त ते कुणी वाचलेलं नसतं. इथे पोस्टफिक्स हे मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर धरून सांगतो. तसंच दुसरं एक्झिम असेल तर कमांड वेगळ्या, पण क्रम हाच.

आधी तक्रार नेमकी करून घ्या. मेल कोणाला पाठवला, किती वाजता, आणि एकाच डोमेनला जात नाही की कुठेच नाही?

मग 'मेलक्यू' कमांड देऊन अजून न गेलेल्या मेलची रांग पाहा. रांग रिकामी असेल तर मेल एकतर निघून गेलाय, किंवा नाकारला जाऊन परत आलाय, किंवा सर्व्हरपर्यंत आलेलाच नाही. एकाच खात्यावरून अनोळखी पत्त्यांना हजारो मेल साचले असतील, तर त्या खात्याचा पासवर्ड फुटलाय असं समजा. तो लगेच बदला आणि फक्त त्या खात्याचे मेल काढा. सगळी रांग पुसून टाकण्याचा मोह आवरा, त्यात लोकांची खरी पत्रं, बिलं असतात.

आता लॉग, म्हणजे सर्व्हरच्या कामाची नोंदवही. डेबियन-उबुंटूवर ही फाईल बहुधा 'मेल.लॉग' नावाने असते, रेड हॅट घराण्यात 'मेललॉग'. रांगेतल्या मेलचा आयडी घेऊन त्यात शोधा आणि 'स्टेटस' पाहा. 'सेंट' आणि २५० हा कोड असेल तर समोरच्याने मेल घेतलाय. तो स्पॅममध्ये शोधायला सांगा. 'डिफर्ड' म्हणजे ४ने सुरू होणारा कोड किंवा जोडणीच न होणं. अशा वेळी पोस्टफिक्स मूळ सेटिंगनुसार ५ दिवस प्रयत्न करत राहतो. 'बाउन्स्ड' बहुधा ५ने सुरू होणाऱ्या कोडमुळे, म्हणजे समोरून साफ नकार.

सगळीकडेच 'कनेक्शन टाइम्ड आउट' दिसत असेल तर पोर्ट २५, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो मार्ग, तपासा. सर्व्हरवरूनच जीमेलच्या एमएक्स (मेल घेणाऱ्या) सर्व्हरला त्या पोर्टवर टेलनेट कमांडने जोडणी होते का पाहा. ॲमेझॉन आणि गुगल क्लाउड बाहेर जाणारा हा पोर्ट मुळातच बंद ठेवतात. तिथे पोस्टफिक्सच्या सेटिंगशी खेळण्यात दिवस घालवू नका. ५८७ पोर्टवरून रिले सेवा, म्हणजे तुमचे मेल पुढे पोचवणारी सेवा, घ्या.

नकाराच्या मजकुरातला कोड ५.७ने सुरू होत असेल तर प्रश्न बहुधा तुमच्या सर्व्हरची ओळख पटण्याचा आहे, आणि खरी मेहनत इथेच लागते. सर्व्हरच्या आयपीला पीटीआर रेकॉर्ड, म्हणजे आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद, हवा. तो डोमेनच्या पॅनेलमध्ये सापडत नाही, आयपी ज्याचा त्या होस्टिंगवाल्याकडून लावून घ्यावा लागतो. सर्व्हर आयपीव्ही६ वरून मेल पाठवत असेल तर त्या पत्त्यालाही हवा. हे हमखास राहून जातं. मग एसपीएफ, म्हणजे डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याचा डीएनएसमधला रेकॉर्ड. एका पतसंस्थेचे मेल परत येत होते तेव्हा मी दोन दिवस डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) तपासत बसलो, आणि निघालं काय, तर डोमेनवर दोन एसपीएफ रेकॉर्ड. एसएमएस-मेलची नवी सेवा घेताना कुणीतरी दुसरा रेकॉर्ड जोडला होता. रेकॉर्ड एकच हवा, आणि त्यातले डीएनएस शोध १०च्या आत. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतं. दिवसाला ५,००० च्या पुढे मेल असतील तर दोन्ही, शिवाय डीमार्क, म्हणजे या तपासण्या फसल्या तर मेलचं काय करायचं हे सांगणारा रेकॉर्ड.

नकारात स्पॅमहॉस या, स्पॅम पाठवणाऱ्या आयपींची काळी यादी ठेवणाऱ्या संस्थेचं नाव असेल तर त्यांच्या संकेतस्थळावर जाऊन आयपी तपासा. कारण दूर केल्याशिवाय नाव काढायचा अर्ज करू नका, नाव पुन्हा चढतं.

दुरुस्ती झाली की जीमेलवर एक चाचणी मेल पाठवा आणि 'शो ओरिजिनल'मध्ये एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही ठिकाणी 'पास' दिसतंय का पाहा. मगच 'पोस्टक्यू -एफ' देऊन रांग सोडा, तीही एकदाच. सारखी सोडत राहिलात तर समोरचा सर्व्हर तुम्हाला आणखी अडवतो. रांगेतले मेल जातील, पण बाउन्स झालेले आपोआप जात नाहीत. लॉगमधून त्यांची यादी काढून ज्याचे त्याला कळवा, म्हणजे ते पुन्हा पाठवतील.