कॅनरा पर्लस्पॉट घरी आणायच्या आधीची तयारी

कॅनरा पर्लस्पॉट पाळायचा ठरवलाय तर लगेच टँक घ्यायला पळू नका, आधी मासा कुठून येणार ते नक्की करा. त्याचं शास्त्रीय नाव इट्रोप्लस कॅनरेन्सिस. हा आपल्याकडचा अस्सल देशी सिक्लिड, म्हणजे तिलापियाच्या कुळातला मासा, १८७७ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यांनी त्याचं वर्णन केलं, आणि तो कर्नाटकात दक्षिण कन्नडच्या बाजूला कुमारधारा-नेत्रावतीच्या पट्ट्यातच सापडतो. आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या यादीत तो एन्डेंजर्ड, म्हणजे नामशेष होण्याच्या धोक्यात आहे, आणि नदीतून पकडून ॲक्वेरियमवाल्यांना विकणं हेही त्यामागचं एक कारण आहे. त्यामुळे वाइल्ड कॉट, म्हणजे नदीतून पकडलेला मासा कितीही स्वस्त मिळाला तरी नाही म्हणायचं. घरी पैदास करणाऱ्या माणसाकडूनच घ्या, आईबापांचा फोटो मागा, खरा ब्रीडर तो आनंदाने पाठवतो.

दुसरं म्हणजे ओळख पक्की करा. नुसतं पर्लस्पॉट म्हटलं की बऱ्याचदा इट्रोप्लस सुराटेन्सिसची पिल्लं दाखवतात, म्हणजे गोव्यात ज्याला कालुंदर म्हणतात आणि केरळात करीमीन, तो मासा. तो वीस सेंटीमीटरच्या सहज पुढे जातो आणि निमखाऱ्या पाण्यात रमतो, आपला कॅनरा मात्र साधारण ११ सेंटीमीटरवर थांबतो, अंगावर फिकट आणि काळसर उभे पट्टे एकाआड एक असतात आणि तो पूर्ण गोड्या पाण्यातला, म्हणून कुणी चिमूटभर मीठ टाका म्हणालं तर रोजच्या पाण्यात टाकू नका.

आता टँक. हा मासा थव्यात राहणारा आहे, एकटादुकटा ठेवला की कोपऱ्यात दबून बसतो, आणि दोन-तीनच असले तर त्यातला दांडगा बाकीच्यांना जगू देत नाही. आठ तरी घ्याच. म्हणजे चार फूट बाय दीड बाय दीड, अडीचशे लिटर पाणी, काच, वाळू, दगड धरून वजन तीनशे किलोच्या वर जातं, तेव्हा स्टँड भक्कम पाहिजे आणि टँक भिंतीला लागून ठेवा, फ्लॅट जुना असेल तर इंजिनिअरला विचारून. खाली बारीक वाळू, नदीचे गोटे, लाकूड, आणि झाडं ठेवायची तर जावा फर्न नाहीतर अनुबियस अशी जाड पानांची, कारण कोवळी पानं हे मासे कुरतडून टाकतात.

सगळ्यात जास्त वेळ पाण्याला द्या, इथे घाई करून चालतच नाही. माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे फिल्टरमधले बॅक्टेरिया तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर मासा आणायचा नाही, मासा न टाकता अमोनिया घालून सायकलिंग करा, म्हणजे हे बॅक्टेरिया वाढवा, आणि लिक्विड टेस्ट किटवर अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसतंय असं झालं तरच पुढे जा. कॅनराला घाण पाणी अजिबात सोसत नाही, म्हणून टँकच्या मानाने मोठा कॅनिस्टर (टँकच्या बाहेर ठेवायचा डबा-फिल्टर) आणि दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलणं. नळाच्या पाण्याला अँटी-क्लोरीन लागतंच. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी फार जड असतं, तिथे आरओचं पाणी मिसळून हार्डनेस खाली आणा. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की त्या आठवड्यासाठी दोन ड्रम आधीच भरून ठेवलेले बरे. तापमान २४ ते २७, म्हणजे पुण्या-नाशिकच्या थंडीत हीटर आणि विदर्भाच्या मे महिन्यात पाण्यावर पंखा. लाईट जाते तिथे बॅटरीवरचा एअर पंप हवाच, इन्व्हर्टर असला तरी.

खायला नुसते पेलेट नको, स्पिरुलिना (शेवाळाचं खाद्य), उकडलेला वाटाणा, पालक आणि मधूनमधून फ्रोझन ब्लडवर्म, म्हणजे गोठवलेल्या लाल अळ्या. शिवाय नवे मासे वेगळे ठेवायला दोन फुटांचा एक क्वारंटाइन टँक आधीच चालू ठेवा, कुठूनही आणलेले मासे महिनाभर तिथेच राहणार, जाळी आणि पाइपसुद्धा वेगळा.

जोडी जमली तर दोघं मिळून एखादा दगड चाटून पुसून स्वच्छ करतात, अंडी बारीक दोऱ्याने त्याला लटकलेली असतात आणि आईबाप आळीपाळीने परांनी पाणी हलवत राहतात, बघत बसावंसं वाटतं. पण पिल्लं कुणाला देणार हे त्याआधी ठरलेलं पाहिजे. नदीत, तलावात, विहिरीत सोडायची नाहीत, अगदी कुमारधारेतसुद्धा नाही, घरच्या टँकमधला रोग तिकडे जातो. आफ्रिकेतला तिलापिया १९५२ मध्ये आपल्याकडे आणला आणि आता कुठल्या धरणात नाही सांगा. देताना आईबाप कुणाकडून आले ते कागदावर लिहून द्या, म्हणजे पुढे वेगळ्या लाइनची, म्हणजे वेगळ्या आईबापांची पिल्लं शोधून अदलाबदल करता येते, नाहीतर सगळी पैदास सख्ख्या भावंडांतच होत राहते.