विश्वामित्री चढण्याआधी: सोसायटीच्या वॉकीटॉकीची तयारी

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली आणि बडोद्यातल्या कितीतरी सोसायट्यांना कळून चुकलं की वीज गेल्यावर मोबाइल फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो. यंदा वॉकीटॉकी घ्यायच्या ठरल्या असतील तर उत्तमच, पण सेट आणणं हे यातलं सोपं काम. दहा माणसांनी एकाच चॅनेलवर, एकमेकांचं बोलणं न तोडता, कामाचं तेवढंच बोलणं हे खरं अवघड. फायर ब्रिगेडची माणसं हे रोज करतात, तेव्हा शब्द त्यांचेच घ्यावेत. सगळे मात्र नकोत.

खरेदीचं आधी उरकून घेऊ. आपल्याकडे 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या कमी ताकदीच्या सेटना परवाना लागत नाही. हव्या त्या फ्रिक्वेन्सीवर फिरवता येणारे स्वस्त सेट ऑनलाइन दिसतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका; परवान्याशिवाय ते वापरणं बेकायदेशीर आहे, आणि आपली बडबड भलत्याच यंत्रणेच्या चॅनेलवर गेली तर ऐन पुरात त्यांचं काम अडेल. खोक्यावर लिहिलेले किलोमीटर मोकळ्या मैदानातले असतात. म्हणून सेट आल्यावर पहिल्याच रविवारी एकाने गच्चीवर बसावं, दुसऱ्याने बेसमेंट, जिने, पंपरूम, गेट असं फिरत बोलावं, आणि जिथे आवाज तुटतो ती जागा नकाशावर लाल पेनाने खुणावी.

मग नावं. रेडिओवर माणसाला नाव नसतं, जागेला किंवा कामाला असतं: गेट, गच्ची, पंप, औषध, आणि सगळ्यांचे निरोप सांभाळणारा तो कंट्रोल. ड्यूटी बदलली तरी नाव तेच राहतं, त्यामुळे रात्री दोन वाजता ‘गेटवर आता कोण आहे’ हे आठवत बसावं लागत नाही. ठिकाणांचंही तसंच. आपण कमाटीबाग म्हणतो, पाटीवर सयाजीबाग असतं. यादीत एकच लिहायचं आणि सगळ्यांनी तेच म्हणायचं.

आता बोलण्याची रीत, आणि इथे मात्र घाई नको. बटण दाबा, क्षणभर थांबा, मग बोला. बहुतेकजण दाबता दाबताच सुरुवात करतात आणि पहिला शब्द खातात. ‘नका येऊ वर’ मधलं ‘नका’ असं गेलं तर काय ऐकू येईल ते बघा. सेट तोंडापासून दोन-तीन इंच, किंचित तिरका. ओरडायचं नाही, ओरडलं की आवाज फाटतो. आधी ज्याला हाक मारायची त्याचं नाव, मग आपलं: “गच्ची, गेट बोलतोय.” गच्चीकडून “बोल गेट” आल्यावरच निरोप सांगायचा. निरोप संपला आणि उत्तर हवं असेल तर ‘ओव्हर’. बोलणंच संपलं तर ‘आउट’. सिनेमातलं ‘ओव्हर अँड आउट’ म्हणजे ‘उत्तर दे’ आणि ‘मी चाललो’ एकाच दमात, ते विसरा.

‘रॉजर’ म्हणजे ऐकलं, एवढंच. ते ‘हो’ नव्हे आणि ‘करतो’ही नव्हे. करणार असाल तर ‘विल्को’. पण आपल्या काकालोकांच्या तोंडी तो बसणार नाही, तेव्हा सरळ ‘करतो’ म्हणा. हो-नाही साठी ‘अफर्मेटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’ हे लांब शब्द मुद्दाम आहेत, खरखरीत ‘हं’ आणि ‘नाही’ सहज बुडतात. ‘स्टँड बाय’ म्हणजे थांब, मी परत हाक मारेन. तोवर पुन्हा पुन्हा विचारायचं नाही. ऐकू आलं नाही तर ‘से अगेन’. ‘रिपीट’ टाळतात कारण तोफखान्यात त्याचा अर्थ पुन्हा तोफ डागा असा होतो. आपल्याकडे तोफा नाहीत, पण सवय चांगली लागलेली बरी.

यापेक्षा जास्त काही पाठ करू नका. अमेरिकेतल्या पोलीस आणि फायरच्या ‘टेन-फोर’सारख्या सांकेतिक आकड्यांचा आपल्या पोरांना फार सोस. गंमत म्हणजे तिथेच प्रत्येक खात्याचे अर्थ वेगळे निघायला लागले, आणि अनेक खाती एकत्र येतात अशा प्रसंगांसाठी 2006 पासून साध्या भाषेचा आग्रह धरला गेला. आपल्या कंपाउंडमध्ये मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही आहेत, त्यात चौथी सांकेतिक भाषा कशाला?

आकड्यांचा घोळ मात्र नक्की होणार. विश्वामित्रीची धोक्याची पातळी 26 फूट. गुजराती शेजारी ‘छव्वीस’ म्हणाला आणि खरखरीत आपल्याला ‘छत्तीस’ ऐकू आलं, तर अर्धी सोसायटी गाद्या उचलून वर पळेल. म्हणून आकडे सुटे सुटे, इंग्रजीत, ठरलेल्या क्रमाने: “काळा घोडा, विश्वामित्री, टू सिक्स फूट.” (काळा घोडा म्हणजे जिथे नदीची पातळी मोजतात तो पूल.) नदीचं नाव प्रत्येक वेळी घ्यायचं, कारण आजवा सरोवराची पातळीही फुटांतच येते आणि ती दोनशेच्या वर असते. ऐकणाऱ्याने आकडा उलट म्हणून दाखवायचा. न म्हणता नुसतं ‘रॉजर’ आलं तर निरोप पोचला नाही असं धरा.

‘मेडे’ हा जीव धोक्यात असताना मदत मागण्याचा शब्द कपाटातच राहू द्या. 1920 च्या दशकात लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर तो फ्रेंचवरून बेतला गेला आणि 1927 च्या आंतरराष्ट्रीय करारात आला. अमेरिकेत आगीत शिरलेला जवान स्वतःच अडकला किंवा वाट चुकला की तो तीनदा ‘मेडे’ म्हणतो, आणि बाकी सगळं चॅनेल गप्प होतं. पुढे तो सांगतो: कुठे आहे, कोणत्या गाडीचा, नाव काय, कोणत्या कामावर होता, काय हवंय. हा क्रम आपण उचलावा, शब्द नको. आपल्यासाठी ‘इमर्जन्सी, इमर्जन्सी, इमर्जन्सी’. ते ऐकलं की सगळ्यांनी बटणावरून बोट काढायचं, फक्त कंट्रोलने उत्तर द्यायचं. पुराबरोबर नदीतली मगर पार्किंगमध्ये आलेली दिसली तर हाच नियम, आणि आधी जागा, मग मगर: “बी विंगचा जिना, पाण्यात मगर.” केवढी होती, याचं वर्णन नंतर चहावर.

हजेरीची रीतही फायर ब्रिगेडकडूनच उचला. आगीच्या जागी ठरावीक वेळाने प्रत्येक तुकडीला माणसं मोजून सांगावी लागतात. आपल्याला दर अर्ध्या तासाने पुरे: कंट्रोल एकेक नाव घेईल, उत्तर “पंप, दोघेजण, ठीक.” दोनदा हाक मारून उत्तर नाही आलं तर तिसरी हाक मारत बसू नका, जोडीने माणसं पाठवा. शिवाय अडकलेलं बटण तपासा. सेटवर कोणी बसलं की सगळं चॅनेल बंद पडतं आणि दोष बॅटरीला दिला जातो.

कंट्रोलकडे एक मोबाइल फक्त 101 आणि 112 साठी चार्ज करून राखीव. फोनजवळ कागदावर पत्ता, जवळची खूण, बोट किंवा गाडी कुठल्या बाजूने येऊ शकेल, आणि उचलून न्यावी लागतील अशा माणसांची यादी विंगप्रमाणे. जूनच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी तासभर सराव, तोही मेन स्विच बंद करून. सेट झिपच्या पिशवीत, चार्जर गच्चीखालच्या मजल्यावर, तळमजल्याच्या ऑफिसात नव्हे. दसऱ्यानंतर सगळे सेट परत घेऊन वहीत सही घ्या, आणि बॅटऱ्या अर्ध्या चार्ज करून, सेटमधून काढून, वेगळ्या ठेवा.