आधी डावीकडे बघा, मग उजवीकडे

बेळगावातल्या शहापुरात माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या क्लासला बहुतेक मुलं मराठी माध्यमाची येतात. कुणी येळ्ळूरचं, कुणी पिरनवाडीचं, दोघी-तिघी खानापूरहून बसनं. त्यांच्या वह्या तपासताना एक गोष्ट रोज दिसते. स्पेलिंग बऱ्यापैकी असतं, काळही फारसे चुकत नाहीत. घोटाळा होतो तो इन, ऑन, अ‍ॅट, टु, फॉर या एवढ्याशा शब्दांत, म्हणजे प्रेपोझिशनमध्ये. मराठी वाक्यात 'त' दिसला की इन, 'वर' दिसला की ऑन, 'ला' दिसला की टु, असं मुलं जुळवत जातात. बऱ्याचदा ते बरोबर येतं, आणि म्हणूनच ही सवय सुटत नाही.

मी फळ्यावर वाक्य लिहिते, प्रेपोझिशनची जागा मोकळी सोडते आणि सांगते : मराठी प्रत्यय बाजूला ठेवा. आधी मोकळ्या जागेच्या डावीकडचा शब्द बघा. त्याचं काही म्हणणं नसेल, तरच उजवीकडे वळा.

डावीकडे क्रियापद किंवा विशेषण असेल तर त्याची जोडी बहुधा ठरलेली असते. 'मी कुत्र्याला घाबरतो' याचं मुलं 'अफ्रेड टु' करतात. अफ्रेडची जोडी ऑफशी. 'गणितात हुशार' म्हणून 'गुड इन मॅथ्स' लिहितात. हवं गुड अ‍ॅट. 'देवावर विश्वास' म्हणून 'बिलीव्ह ऑन गॉड' येतं. हवं बिलीव्ह इन. 'ताईचं लग्न चंदगडच्या मुलाशी झालं' यातला 'शी' बघून विथ घालतात. इंग्रजीत मॅरिड टु. 'चहापेक्षा कॉफी बरी वाटते' इथं 'पेक्षा' आहे म्हणून दॅन येतं, पण प्रिफरला टुच लागतो : आय प्रिफर कॉफी टु टी. कधी कधी जोडी मराठीशी जुळतेही. 'पीक पावसावर अवलंबून असतं' यातला 'वर' तसाच येतो, डिपेंड ऑन. तेवढं आयतं मिळालं म्हणायचं.

काही क्रियापदांना मात्र काहीच लागत नाही, आणि तिथं हात आवरायला शिकावं लागतं. डिस्कस, रीच, एंटर, रिझेम्बल ही त्यातली. 'सीमाप्रश्नावर चर्चा केली' म्हणजे वी डिस्कस्ड द बॉर्डर इश्यू. मध्ये अबाउट नको, ऑन नको. पण त्याच डिस्कसचं नाम झालं की अबाउट परत येतो : वी हॅड अ डिस्कशन अबाउट द बॉर्डर इश्यू. तसंच 'बेळगावला पोचलो' हे वी रीच्ड बेळगाव. आणि अराइव्ह वापरलं तर अराइव्ह्ड इन बेळगाव, अराइव्ह्ड अ‍ॅट द बस स्टँड. उलट 'मला' या शब्दापाशी टु गळून पडतो. 'टीचर, एक्सप्लेन मी धिस सम' हे वाक्य माझ्या क्लासात रोज ऐकू येतं. टेल मी चालतं. एक्सप्लेन आणि से यांना टु मी लागतं.

आता उजवी बाजू. डावीकडे ठरवणारं कुणी नसलं की वेळ किंवा जागा ठरवते. वेळेचं सोपं आहे : घड्याळाला अ‍ॅट, वार आणि तारखेला ऑन, महिना आणि सालाला इन. सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं ते ऑन 1 नोव्हेंबर 2014. तारीख काढून टाकली की इन 2014. सकाळी म्हणजे इन द मॉर्निंग, पण सोमवारी सकाळी म्हटलं की वार जिंकतो, ऑन मंडे मॉर्निंग. लास्ट, नेक्स्ट, धिस, एव्हरी यांच्याआधी काही नाही.

जागेसाठी चित्र डोळ्यांसमोर आणा. नकाशावर बोट ठेवावं असं ठिकाण असेल तर अ‍ॅट, पृष्ठभाग असेल तर ऑन, चारी बाजूंनी वेढलेलं असेल तर इन. बसचं मात्र समजावून सांगावं लागतं. 'वी आर ऑन द बस' लिहून दिलं तेव्हा खानापूरच्या एका मुलीनं विचारलं, "टीचर, आम्ही टपावर बसून येतोय काय?" तिची शंका बरोबर होती. मी तिला सांगितलं : ज्या गाडीत उभं राहून चालता येतं, ती बस, रेल्वे, विमान, त्यांना ऑन, जिच्यात वाकून शिरून बसावं लागतं, ती कार, रिक्षा, त्यांना इन. सायकलवर आपण खरोखर वरच बसतो, म्हणून ऑन. आणि कशानं आलीस एवढंच सांगायचं असेल तर बाय बस, मध्ये द नाही.

सगळ्यात चिवट चूक सिन्सची. 'दोन वर्षांपासून' आणि '2019 पासून' या दोन्हींत मराठीला 'पासून' पुरतो. कन्नडमध्येही 'एरडु वर्षदिंद' म्हणतात, तिथंही दोन्हीकडे तोच 'इंद'. आमच्या मुलांना दोन भाषा येतात आणि दोन्ही एकाच चुकीकडे ओढतात. इंग्रजी मात्र फरक करते : सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर सिन्स, मुदत सांगायची असेल तर फॉर. सिन्स 2019, सिन्स मंडे; फॉर टू इयर्स, फॉर थ्री डेज.

हे मी स्वतः उशिरा शिकले. पहिल्या मुलाखतीत मी म्हटलं, 'आय अ‍ॅम टीचिंग सिन्स थ्री इयर्स.' समोरच्या बाईंनी विचारलं, 'सिन्स व्हेन?' मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी तेच वाक्य आणखी मोठ्यानं म्हटलं. नोकरी मिळाली नाही, आणि कुठं चुकलं हे सांगणारंही तिथं कुणी नव्हतं. म्हणून मुलांच्या वहीत सिन्स दिसला की मी पुढचं वाचण्याआधी पेन थांबवते. आणि एक : दोन्हींसोबत क्रियापद हॅव बीन टीचिंग असं हवं, अ‍ॅम टीचिंग नको.

घरी करायचं ते एवढं. दोनशे पानी वही घ्या आणि प्रेपोझिशन एकटं कधीच लिहू नका. वर्तमानपत्रात वेट फॉर दिसलं तर 'वेट फॉर' असंच जोडीनं उतरवा, खाली आपल्या घरातलं एक वाक्य लिहा : आई इज वेटिंग फॉर द खानापूर बस. अडलं तर डिक्शनरीत इन किंवा ऑन शोधू नका, तिथं पानभर अर्थ सापडतील. डावीकडचा शब्द शोधा आणि त्याखालची उदाहरणं वाचा. रोज पाच जोड्या पुरतात. रविवारी जोडीतलं प्रेपोझिशन हातानं झाकून आठवडाभराच्या पस्तीस म्हणून बघा. जी अडेल तिच्यापुढं टिंब द्या आणि सोमवारी तिच्यापासूनच सुरू करा.